एलईडी हायबेचे लक्स पाचव्या वर्षी किती उरतील?

प्रश्न असा आहे. वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका यंत्रशाळेची शेड ६० मीटर लांब आणि २४ मीटर रुंद आहे. ट्रसखाली साडेआठ मीटर उंचीवर ४०० वॅटचे ३० मेटल हलाइड दिवे आहेत. ते उतरवून त्याच जागी १५० वॅटचे ३० एलईडी हायबे (उंच छताखाली लावायचे दिवे) लावावेत, असा पुरवठादाराचा प्रस्ताव असून सोबतच्या डायलक्स (प्रकाशयोजनेचे सॉफ्टवेअर) अहवालात सरासरी ३४७ लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप) दाखवले आहेत. लेथ आणि मिलिंगच्या कामाला ३०० लक्स हवेत, काम दोन पाळ्यांत चालते आणि ही पातळी किमान पाच वर्षे टिकावी, अशी कारखान्याची अपेक्षा आहे. अहवालातील आकड्यावर विश्वास ठेवून खरेदीचा निर्णय घ्यावा का?

माझे उत्तर स्पष्ट आहे. या ३० फिक्श्चरांतून, म्हणजे बसवायच्या तयार दिव्यांतून, पाचव्या वर्षाअखेरीस उन्हाळ्यातल्या दुपारी सुमारे २१५ लक्स मिळतील असे धरून चालावे. अहवालात गणिताची चूक नाही. डायलक्स काय किंवा रेलक्स काय, त्यात जे आकडे भरले जातात त्यांचा गुणाकार तो प्रामाणिकपणे करून देतो. वाद आहे तो भरलेल्या आकड्यांचा, आणि ते आकडे बहुतेक वेळा अहवालाच्या शेवटच्या पानांवर, कोणी वाचत नाही अशा बारीक अक्षरांत असतात.

सरासरी प्रदीपनाचे सूत्र साधे आहे. फिक्श्चरांची संख्या, एका फिक्श्चरचे ल्युमेन (बाहेर पडणारा एकूण प्रकाश), उपयोगिता गुणांक (त्यातला कामाच्या पातळीवर पोचणारा वाटा) आणि मेंटेनन्स फॅक्टर (कालांतराने होणारी घट धरून उरणारा वाटा) यांचा गुणाकार करून त्याला क्षेत्रफळाने भागायचे. पुरवठादाराने एका फिक्श्चरचे १९,५०० ल्युमेन, उपयोगिता गुणांक ०.९५ आणि मेंटेनन्स फॅक्टर ०.९ धरला आहे. क्षेत्रफळ १,४४० चौरस मीटर. म्हणजे ५,८५,००० ल्युमेनचे ३४७ लक्स होतात. आता यातील एकेक आकडा तपासू.

सुरुवात ल्युमेनपासून. मेटल हलाइडच्या काळात दिवा वेगळा आणि फिक्श्चर वेगळे होते. दिव्याचे ल्युमेन दिव्याच्या कॅटलॉगातून घ्यायचे, फिक्श्चरची कार्यक्षमता फिक्श्चरच्या कॅटलॉगातून घ्यायची आणि दोन्हींचा गुणाकार करायचा, ही सापेक्ष प्रकाशमितीची पद्धत होती. एलईडीत चिप, तिच्या मागचा उष्णतावाहक, लेन्स आणि ड्रायव्हर (चिपला योग्य वीज पुरवणारे सर्किट) हे सगळे मिळून एकच वस्तू असते आणि चिपचा प्रकाश तिच्या स्वतःच्या तापमानावर अवलंबून असतो, म्हणून संपूर्ण फिक्श्चर एकत्र मोजावे लागते. एलएम-७९ ही पद्धत आणि आपल्याकडील आयएस १६१०६ हे मानक याच निरपेक्ष मोजणीसाठी आहेत. पुरवठादाराने दिलेला ल्युमेनचा आकडा एलएम-७९ चाचणी अहवालातला आहे की चिपच्या कॅटलॉगातल्या ल्युमेन प्रति वॅटला १५० ने गुणून काढलेला आहे, हे सर्वांत आधी विचारावे. चिपच्या आकड्यातून लेन्सवरील घट, ड्रायव्हरमधील घट आणि तापल्यामुळे होणारी घट वजा झालेली नसते. १६० ते १८० ल्युमेन प्रति वॅटची चिप वापरूनही तयार फिक्श्चर १३० च्या आसपास उतरते, आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते चिपचा आकडा फिक्श्चरच्या नावावर खपवणे.

हे तपासायची एक सोपी जागा आहे, जी फारसे कोणी उघडून पाहत नाही. आराखड्यात वापरलेली आयईएस फाइल (फिक्श्चर कोणत्या दिशेला किती प्रकाश टाकते याची नोंद) ही साधी मजकूर-फाइल असते आणि ती नोटपॅडमध्ये उघडते. वरची माहिती संपली की ‘टिल्ट’ने सुरू होणारी ओळ लागते आणि तिच्या लगेच खाली आकड्यांची ओळ असते. पहिला आकडा दिव्यांची संख्या, दुसरा प्रत्येक दिव्याचे ल्युमेन आणि तिसरा कँडेला गुणक, म्हणजे दिशेनुसार मोजलेल्या प्रकाशाला ज्याने गुणले जाते तो आकडा. निरपेक्ष मोजणीच्या फाइलमध्ये दुसऱ्या जागी उणे १ असायला हवे. तिसऱ्या जागी १ सोडून दुसरा आकडा दिसला, तर मूळ मोजणी कोणीतरी वाढवली किंवा घटवली आहे का, याचा खुलासा मागावा. क्वचित त्याला योग्य कारण असते, उदाहरणार्थ त्याच घराण्यातील कमी वॅटचे फिक्श्चर मोजून त्यावरून मोठ्याची फाइल तयार केलेली असते, पण ते कारण लेखी मिळाले पाहिजे. त्याखालच्या ओळीतील शेवटचा आकडा वॅटचा असतो. तो कोटेशनमधल्या वॅटशी जुळतो का, हेही पाहून घ्यावे. फाइल १६५ वॅटच्या फिक्श्चरची आणि माल १५० वॅटचा, असा प्रकार आढळला तर पुढचे काही वाचण्याची गरज उरत नाही.

आपल्या प्रकरणात १९,५०० ल्युमेन हा आकडा एलएम-७९ अहवालातला आहे असे धरू. तरीही ती मोजणी २५ अंश सेल्सिअसच्या स्थिर हवेत झालेली असते. मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या छताखाली, ट्रसच्या उंचीवर, हवेचे तापमान ५० अंशांपर्यंत सहज जाते. तिथे एलईडीचा प्रकाश काही टक्क्यांनी कमी होतो आणि फिक्श्चरच्या उष्णतावाहकाच्या दर्जाप्रमाणे हे प्रमाण बदलते. मी अशा शेडसाठी ०.९६ हा गुणांक धरतो. फिक्श्चरचे निर्धारित सभोवताल तापमान, म्हणजे ज्या कमाल तापमानाच्या हवेत ते चालवता येते ते, किमान ५० अंश असावे, अशी अट खरेदीच्या आदेशात घालावी. ४० अंशांचे फिक्श्चर पत्र्याखाली लावले, तर उन्हाळाभर ते आपल्या मर्यादेबाहेर काम करील आणि वॉरंटीचा दावा करताना हेच कारण पुढे येईल.

दुसरा आकडा उपयोगिता गुणांकाचा. ०.९५ इतका उंच गुणांक कसा आला, हे शोधायला परावर्तनाच्या किमती पाहाव्या लागतात. आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला छताचे परावर्तन ७० टक्के, भिंतींचे ५० टक्के आणि जमिनीचे २० टक्के भरलेले असते. पांढरे फॉल्स सीलिंग आणि फिकट रंगाच्या भिंती असलेल्या ऑफिसला हे लागू पडते. जुन्या पत्र्याची, काळवंडलेल्या विटांची आणि तेलकट जमिनीची यंत्रशाळा ३०, ३० आणि १० या किमतींच्या जवळ जाते. त्यातच दिवसा उजेड यावा म्हणून छतात बसवलेल्या पारदर्शक पत्र्यांतून रात्री आतला प्रकाश बाहेर निघून जातो, त्यामुळे तेवढ्या भागातून परावर्तन जवळजवळ शून्य. या खोलीचा रूम इंडेक्स (लांबी-रुंदीचे फिक्श्चरच्या उंचीशी प्रमाण) सव्वादोनच्या जवळ आहे, कारण कामाची पातळी जमिनीपासून ०.८५ मीटर धरल्यावर फिक्श्चरची त्यावरील उंची ७.६५ मीटर उरते. खऱ्या परावर्तनांनी पुन्हा गणित केले तर या प्रकारच्या फिक्श्चरला ०.८४ चा गुणांक योग्य वाटतो.

आता मेंटेनन्स फॅक्टर. सगळ्यांत जास्त लपवाछपवी इथे होते, म्हणून यावर सविस्तर लिहितो. ‘एलईडीला मेंटेनन्स लागत नाही’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकवले गेले आहे की ०.९ हा आकडा कोणाला खटकत नाही. हा आकडा निदान तीन वेगळ्या घटींचा गुणाकार असतो: एलईडीचा स्वतःचा प्रकाश कालांतराने कमी होणे, फिक्श्चरवर धूळ-तेल बसणे आणि भिंती-छत मळणे. चौथा घटक म्हणजे बंद पडलेली फिक्श्चर. ती लगेच बदलण्याची व्यवस्था असेल तर तो १ धरता येतो. तिन्ही घटक वेगवेगळे लिहून दिलेले नसतील, तर मेंटेनन्स फॅक्टर अंदाजाने ठोकलेला आहे असे समजायला हरकत नाही.

एलईडीच्या घटीचा हिशेब असा. दोन पाळ्यांचे रोज १६ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर वर्षाला ४,८०० आणि पाच वर्षांत २४,००० तास होतात. पुरवठादाराच्या पत्रकात ‘एल७०, ५०,००० तास’ असे लिहिले आहे. याचा अर्थ ५०,००० तासांनी मूळ प्रकाशाच्या ७० टक्के प्रकाश उरतो. ही घट घातांकी धरली जाते, त्यामुळे २४,००० तासांना ८४ टक्के उरतात. म्हणजे पुरवठादाराचा स्वतःचा दावा अक्षरशः मान्य केला, तरी धूळ मोजण्याच्या आधीच ०.९ च्या खाली आलो. त्याचा मेंटेनन्स फॅक्टर त्याच्याच पत्रकाशी जुळत नाही, हे त्याला दाखवून द्यावे.

हा ५०,००० तासांचा आकडा कुठून येतो, हेही समजून घ्यावे. एलएम-८० ही चाचणी, आपल्याकडे आयएस १६१०५, फक्त एलईडी चिपवर होते, फिक्श्चरवर नव्हे. ती किमान ६,००० तास चालते आणि ठरावीक प्रवाह व ठरावीक तापमानाला चालते. त्या नोंदींवरून पुढचा अंदाज टीएम-२१ पद्धतीने काढतात. या पद्धतीत २० किंवा अधिक नमुने असले तरी चाचणीच्या कालावधीच्या सहापटीपलीकडे दावा करता येत नाही. चाचणी ६,००० तासांचीच असेल तर जास्तीत जास्त ३६,००० तास बोलता येते. त्यामुळे ५०,००० चा दावा आला की चाचणी किती तास चालली, हा प्रश्न आलाच. चाचणी १०,००० तासांची असेल तर दावा नियमात बसतो.

दुसरा प्रश्न तापमानाचा. चिपची चाचणी ५५, ८५ अशा तापमानांना झालेली असते. तुमच्या फिक्श्चरमध्ये चिप किती तापते, हे थर्मोकपल चिकटवून मोजल्याशिवाय कळत नाही. चिपच्या पत्रकातील आकृतीत पायाजवळचा मोजणीचा बिंदू दाखवलेला असतो. त्यावर बारीक थर्मोकपल लावून फिक्श्चर काही तास चालू ठेवायचे आणि तापमान स्थिर झाल्यावर वाचन घ्यायचे. २५ अंशांच्या खोलीत ७८ अंश आले, तर ५० अंशांच्या पत्र्याखाली ते १०० च्या पुढे जाणार, आणि मग ८५ अंशांवरचा एलएम-८० अहवाल तुमच्या शेडविषयी काहीच सांगत नाही. माझ्या मते या एका मोजणीचा अहवाल मागणे हे दहा प्रमाणपत्रे मागण्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहे, कारण फिक्श्चर नीट बनवणाऱ्याकडे तो तयार असतो.

धुळीचा घटक जागेवर ठरतो. कूलंटची वाफ आणि तेलाचा धुरळा असलेल्या यंत्रशाळेत फिक्श्चर वर्षातून एकदाच पुसली जात असतील, तर मी ०.८२ पेक्षा जास्त धरत नाही. तेलकट थरावर धूळ चिकटून बसते आणि नुसत्या फडक्याने निघत नाही. भिंती-छताच्या मळण्यासाठी ०.९५ पुरेसे आहे, कारण इथे मुळातच परावर्तन कमी आहे. तिघांचा गुणाकार ०.६५ होतो.

आता पुन्हा तोच हिशेब. ५,८५,००० ल्युमेन, ०.८४ उपयोगिता, ०.९६ तापमान आणि ०.६५ मेंटेनन्स यांवरून १,४४० चौरस मीटरला सुमारे २१५ लक्स येतात.

यातली धोक्याची गोष्ट वेगळीच आहे. काम पूर्ण झाल्यावर पहिल्या रात्री लक्समीटर घेऊन मोजणी केली, तर फिक्श्चर नवी, स्वच्छ आणि थंड हवेत असल्यामुळे सरासरी ३४० च्या आसपास येईल. अहवालात ३४७ लिहिलेले, मीटरवर ३४०. सगळे समाधानी होतील आणि बिल मंजूर होईल. प्रत्यक्षात पुरवठादाराच्याच आकड्यांप्रमाणे पहिल्या दिवशी ३८६ लक्स यायला हवे होते, कारण ३४७ हा मेंटेनन्स फॅक्टर लावल्यानंतरचा आकडा आहे. म्हणजे उपयोगिता गुणांकातील सगळी खोट पहिल्याच रात्री उघड झालेली असते, पण चुकीच्या आकड्याशी तुलना केल्यामुळे ती कोणाच्या लक्षात येत नाही. स्वीकृतीच्या मोजणीची तुलना नेहमी मेंटेनन्स फॅक्टर १ धरून काढलेल्या लक्सशी करावी आणि तो आकडा अहवालात वेगळा छापून घ्यावा.

मग करायचे काय? जुन्या जागी जुन्याच संख्येने फिक्श्चर लावण्याचा हट्ट सोडावा. आज ८ मीटर अंतराच्या तीन रांगा आहेत. त्याऐवजी सहा-सहा मीटरवर चार रांगांत दहा-दहा, अशी ४० फिक्श्चर घ्यावीत. वायरिंगचा थोडा खर्च वाढेल, पण यंत्रांच्या आड पडणाऱ्या सावल्याही कमी होतील, कारण प्रत्येक यंत्रावर जास्त दिशांनी प्रकाश येईल. सोबत पुसण्याचे काम वर्षातून दोनदा करावे, म्हणजे धुळीचा गुणांक ०.८८ धरता येतो. या दोन बदलांनी पाचव्या वर्षाअखेरीस ३०७ लक्स मिळतात. चिपवरचा ताण कमी असलेले, म्हणजे प्रत्यक्ष तापमानाला ‘एल८०, ५०,००० तास’ सिद्ध करणारे फिक्श्चर घेतले, तर हाच आकडा ३२८ वर जातो.

४० फिक्श्चरांचा भार ६ किलोवॅट होतो. जुन्या मेटल हलाइडचा भार चोकसह सुमारे १३ किलोवॅट होता, त्यामुळे बचत तरीही निम्म्याहून अधिक आहे. शिवाय नवी असताना ४० फिक्श्चरांतून ४३७ लक्स मिळतील, जे गरजेपेक्षा बरेच जास्त आहेत. डिमिंगचे ड्रायव्हर घेतले तर सुरुवातीला ७० टक्क्यांवर चालवून दरवर्षी मोजणीप्रमाणे थोडे थोडे वाढवता येते. वीज वाचते आणि चिप कमी तापल्यामुळे तिची घटही मंदावते. माझी शिफारस याच पर्यायाला आहे.

ड्रायव्हरबद्दल दोन शब्द. ‘५०,००० तास’ हा आकडा चिपचा असतो. फिक्श्चर बंद पडते ते बहुतेक वेळा ड्रायव्हरमुळे. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. ड्रायव्हरच्या खोक्यावर ‘टीसी’ अशी खूण असते; तिथले तापमान उन्हाळ्याच्या दुपारी मोजून छापील मर्यादेशी पडताळावे. फिक्श्चर पत्र्याला चिकटवून न लावता साखळीने खाली सोडावे. औद्योगिक वसाहतीतील फीडरवर मोठ्या मोटारी चालू-बंद होतात आणि पावसाळ्यात विजाही पडतात, म्हणून पॅनेलमध्ये सर्ज (विजेचा अचानक उसळणारा दाब) संरक्षण स्वतंत्र बसवावे. फक्त ड्रायव्हरच्या आतल्या संरक्षणावर विसंबू नये.

लक्सच्या आकड्यात न दिसणारी आणखी एक गोष्ट यंत्रशाळेत सुरक्षिततेची आहे. स्वस्त ड्रायव्हरमध्ये ५० हर्ट्झच्या विजेमुळे प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. लेथवर काम पकडणारा तीन जबड्यांचा चक मिनिटाला २,००० फेरे फिरत असेल, तर सेकंदाच्या शंभराव्या भागात प्रत्येक जबडा बरोबर पुढच्या जबड्याच्या जागी येतो. अशा प्रकाशात फिरता चक थांबल्यासारखा दिसू शकतो. कामगाराचा हात तिथे जाण्याचा धोका खरा आहे. म्हणून फ्लिकरचा, म्हणजे प्रकाशाच्या या कमी-जास्त होण्याचा, चाचणी अहवाल मागावाच, आणि शेजारशेजारची फिक्श्चर तीन वेगवेगळ्या फेजवर विभागण्याची जुनी पद्धतही सोडू नये. चकाकीसाठी यूजीआर या चकाकीच्या निर्देशांकाची किंमत डायलक्स अहवालातून तपासावी. उघड्या चिपच्या हायबेपेक्षा खोल लेन्सचे फिक्श्चर वर मान करून क्रेन हाताळणाऱ्याला सुसह्य होते.

स्वीकृतीची मोजणी रात्री करावी. फिक्श्चर किमान अर्धा-पाऊण तास आधी चालू ठेवावीत, कॅलिब्रेशनची मुदत न संपलेला आणि तिरप्या प्रकाशासाठी कोसाइन दुरुस्ती असलेला मीटर वापरावा, ०.८५ मीटर उंचीवर ठरलेल्या जाळीच्या बिंदूंवर वाचने घ्यावीत आणि त्या बिंदूंच्या खुणा खांबांवर किंवा जमिनीवर रंगाने कायम कराव्यात, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच जागी मोजता येते.

पहिल्या वर्षाच्या अखेरीस, साफसफाईच्या दिवशी, एक काम आवर्जून करावे. फिक्श्चर पुसण्याआधी सगळ्या बिंदूंवर वाचने घ्यावीत आणि सगळी पुसून झाल्यावर त्याच रात्री पुन्हा घ्यावीत. पहिल्या सरासरीला दुसरीने भागले की तुमच्या शेडचा खरा धुळीचा गुणांक हाती येतो. पुसल्यानंतरच्या सरासरीला स्वीकृतीच्या रात्रीच्या सरासरीने भागले, की ४,८०० तासांत एलईडी आणि भिंती-छत मिळून किती घट झाली ते कळते. त्यातील भिंती-छताचा वाटा सोडला, तर पुरवठादाराच्या दाव्याप्रमाणे एलईडीचा भाग ०.९७ च्या जवळ असायला हवा. धुळीचा गुणांक ०.८८ च्या खाली आला तर पुसण्याचा काळ सहाऐवजी चार महिन्यांवर आणावा; घटीचा आकडा दाव्यापेक्षा स्पष्टपणे खाली आला, तर वॉरंटीची उरलेली वर्षे हातात असतानाच ती वाचने पुरवठादारापुढे ठेवावीत.